एस्सेलवर्ल्ड येण्यापूर्वी मुंबईकर मौजमजेसाठी मुलांना कुठे नेत असत?

गोराईचे एस्सेलवर्ल्ड हे करमणूक उद्यान १९८९ साली सुरू झाले. त्याआधी मुंबईत मौजेच्या जागा पुष्कळ होत्या. फरक एवढाच की त्यांतल्या बहुतेक मुळात दुसऱ्याच कामासाठी निर्माण झाल्या होत्या आणि मौज तिथे मागाहून शिरली.

पहिले नाव अर्थातच भायखळ्याच्या राणीबागेचे. १८६२ साली लेडी फ्रियर यांच्या हस्ते उघडलेले हे ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ मुख्यतः वनस्पतींसाठी होते, प्राणी पुढे आले. आज अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असले, तरी बोलण्यात राणीबागच राहिली आहे. वडील आम्हाला तिथे नेत तेव्हा आमचे सारे लक्ष वाघाकडे आणि माकडांकडे असे, आणि ते मात्र गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्यापाशी थांबून राहत, याचा आम्हाला राग येई. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाच्या (आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२) आवारात दगडी हत्ती आहे, तो अवश्य जवळून पाहावा. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटले, तोच हा. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो खाली पडून फुटला आणि १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले. ते सांधे अंगावर अजून दिसतात.

मलबार हिलवरचे हँगिंग गार्डन, म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान, हे तर पाण्याच्या टाकीचे छप्परच आहे. १८८१ साली केलेल्या या बागेत झुडपे कातरून बनवलेले प्राणी पाहताना, पायांखाली दक्षिण मुंबईचे पिण्याचे पाणी साठलेले आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. २०२३ मध्ये तो जलाशय नव्याने बांधण्याची योजना पुढे आली आणि झाडांसाठी रहिवाशांनी विरोध केला, तेव्हा कुठे अनेकांना हे कळले. समोरचे कमला नेहरू पार्क १९५२ चे. तिथला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचे घर, एका इंग्रजी बालगीतातून आलेला. मराठी शाळेतल्या आम्हा मुलांना ते गीत ठाऊक नव्हते, त्यामुळे आतला जिना चढून वर डोकावल्यावर आमचा पहिला प्रश्न असे, “पण म्हातारी कुठे आहे?”

पाळण्यांबद्दल विचाराल, तर ते जत्रेबरोबर येत आणि जत्रेबरोबर जात. सप्टेंबरात वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा आणि डिसेंबरात माहीमच्या मखदूम शाह बाबांचा उरूस, या दोन्ही ठिकाणी उंच पाळणे लागत आणि वर्षभर साठवलेले खाऊचे पैसे एका संध्याकाळीत संपत. एरवी गिरगाव चौपाटीवर हाताने फिरवायचे लाकडी पाळणे असत, ते लहानग्यांपुरते. माझ्या मते एस्सेलवर्ल्डने वेगळे काही केले असेल तर ते हेच, की जत्रेतला पाळणा एका जागी बारमाही उभा केला, तोही खाडीपलीकडे लाँचने जावे लागेल अशा ठिकाणी. ते २०२२ मध्ये बंद झाले. बाकीच्या जागा आजही पाहता येतात. मात्र राणीबाग बुधवारी बंद असते, तेव्हा वार पाहून निघावे.