टॉपवॉटर ल्यूरचा रंग आणि त्यावरचं बारीक काम, यानं माशाला खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की पाण्यावर तरंगत ओढायच्या ल्यूरवर, म्हणजे हुक लावलेल्या खोट्या आमिषावर, डोळे, कल्ले, खवले आणि इतक्या छटा काढलेल्या असतात, त्यानं मासा जास्त लागतो का, की साधा एकरंगी ल्यूरही चालतो. साधा चालतो, आणि बहुतेक वेळा तोच घ्यावा. पाठीवरचा रंग माशाला जवळपास दिसतच नाही. पोट गडद आहे की फिकं एवढंच थोडंफार कामाचं. खवल्यांची नक्षी विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. आमच्या घरात हा वाद बरीच वर्षं चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला गळ टाकायला काकांनी शिकवलं. त्यांनी स्वतः कोरलेला एक लाकडी वॉकर, म्हणजे पाण्यावर डावी-उजवीकडे वळत चालणारा ल्यूर, माझ्याकडे आहे. दोन्ही टोकांना निमुळता, पुढे पाणी कापायला जीभ वगैरे काही नाही, शेपटाकडे पोटात शिशाचा तुकडा बसवलेला. त्यामुळे तो पाण्यात तिरपा तरंगतो, नाक वर आणि शेपूट खाली. रॉडच्या टोकानं छोटा झटका देऊन दोरी लगेच ढिली सोडली की नाक डावीकडे वळतं, पुढच्या झटक्याला उजवीकडे. काकांनी त्याला नुसता काळा रंग दिला होता आणि माशांच्या दातांनी तोही ठिकठिकाणी उडाला होता. त्या ल्यूरवर मरळ मी इतक्या वेळा घेतलीय की पेटी उघडली की हात आपोआप त्याच्याकडेच जायचा.

काकांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, रंगांवर श्रद्धा असलेला माणूस. ऊन असेल तर चंदेरी, ढगाळ असेल तर पिवळा-हिरवा, पाणी गढूळ असेल तर नारिंगी, असं सगळं त्याचं ठरलेलं. पेटीतले कप्पेसुद्धा रंगानुसार. काका गेल्यानंतर तो मला म्हणाला, "बाबांचा ल्यूर दे जरा, असा भिकाऱ्यासारखा नको ठेवूस." मी दिला. परत आला तेव्हा ओळखू येईना. काचेचे डोळे, लाल कल्ले, जाळी धरून फवारलेले खवले, पांढरंशुभ्र पोट आणि या सगळ्यावर एपॉक्सीचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या पारदर्शक राळेचा, जाड थर. त्यानं ते मनापासून केलं होतं, वडिलांची वस्तू म्हणून केलं होतं, त्यामुळे त्या वेळी मी काहीच बोललो नाही.

पुढच्या वेळी पाण्यात टाकला आणि लगेच कळलं. नाक पाण्याला टेकलं होतं. झटका दिला की बाजूला वळण्याऐवजी तो किंचित बुडी मारायचा आणि सरळ पुढे यायचा. वॉकर म्हणून तो मेला होता. मासा लागला नाही. दादा शेजारीच होता. म्हणाला, "आज प्रकाश वेगळाय, पोट सोनेरी करायला हवं होतं." मी म्हणालो, दादा, पोटाचा रंग नाही रे, नाकावरचं वजन. एपॉक्सीचं वजन पुढे बसलंय, काकांनी शेपटाकडे जो तोल साधला होता तो गेलाय. त्याला पटलं नाही. मी घरी येऊन सगळं लाकडापर्यंत खरवडलं, पाणी मुरू नये म्हणून फक्त एक पातळ हात वार्निशचा दिला, आणि नाक परत वर आलं. पुन्हा मरळ लागू लागली. दादाचं आजही म्हणणं असं की ते मासे भुकेले होते.

आता मासा काय बघतो ते. पाण्याखालून वर पाहिलं की बाहेरचं सगळं जग सुमारे 97 अंशांच्या शंकूतूनच दिसतं. मासा एक मीटर खोल असेल तर वरचं आकाश त्याला साधारण सव्वादोन मीटर व्यासाच्या वर्तुळात दिसतं, आणि त्या वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा असतो. ल्यूर वर्तुळाबाहेर असेल तेव्हा त्याचा फक्त पाण्यात बुडालेला भाग आणि त्याचं प्रतिबिंब दिसतं. वर्तुळाच्या आत डोक्यावर आला की मागे उजळ आकाश असतं आणि पोट सावलीत, म्हणजे एक काळसर आकार. दादानं ज्या पाठीवर सर्वात जास्त वेळ घालवला होता ती पाठ या दोन्हींत कुठेच नाही.

आणि पांढऱ्या पोटाचं तर उलटंच आहे. खऱ्या माशाचं पोट पांढरं असतं ते खालून येणाऱ्या शिकाऱ्याला दिसू नये म्हणून. वरच्या उजेडात ते विरघळून जातं. म्हणजे खऱ्या माशाची हुबेहूब नक्कल करताना आपण त्याची लपण्याची कलाही उचलतो, आणि आपल्याला तर दिसायचं असतं! काळं पोट उजळ आकाशावर ठसठशीत दिसतं. रात्रीसुद्धा तेच, कारण अंधारात माशाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामाच्या राहत नाहीत, फक्त उजेड-अंधार कळतो. फ्रेड आर्बोगास्टचा जिटरबग हा टॉपवॉटर ल्यूर 1930च्या दशकातला, आणि रात्री गळ टाकणारी माणसं आजही तो काळाच पसंत करतात. त्याची रुंद धातूची जीभ गुडगुड आवाज करत त्याला डुलवत आणते, काम ती जीभ करते.

मासे रंगांधळे असतात असं मात्र मी म्हणत नाही. लार्जमाउथ बास या अमेरिकेतल्या शिकारी माशावर इलिनॉय विद्यापीठात काम झालंय. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी आहेत, एक हिरव्यासाठी आणि एक लालसाठी. लाल आणि हिरवा तो छान ओळखतो, पण झगझगीत पिवळा-हिरवा आणि पांढरा यांत त्याची गफलत होते, तशीच निळा आणि काळा यांतही. म्हणजे ज्यांना दादा वेगळे कप्पे देतो त्यातल्या काही जोड्या बाससाठी एकच आहेत. दुसऱ्या माशांचे डोळे वेगळे, त्यामुळे हा निष्कर्ष सरसकट सगळ्यांना लावू नका.

मग मासा येतो कशावर? हालचालीवर आणि आवाजावर. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपट वेगानं. पॉपर नावाच्या ल्यूरचा खोलगट चेहरा पाणी ढकलतो तो 'भप्प' आवाज माशानं ल्यूर बघायच्या आधीच ऐकलेला असतो. जवळ आल्यावर अंगावरच्या पार्श्वरेषेनं त्याला पाण्याची ढकल जाणवते. अॅप्लोकायलस लिनिएटस नावाचा छोटा मासा तर पृष्ठभागावर पडलेल्या किड्याच्या तरंगांवरून तो कुठे आणि किती लांब आहे हे ओळखतो. प्रॉपबेटच्या, म्हणजे फिरते पंखे लावलेल्या ल्यूरच्या, पंख्यांमागे जो फेस उठतो त्यात खवल्यांची नक्षी शोधायला कुठला मासा थांबणार आहे? मी तर सांगेन, रंग निवडण्यात जातो तो वेळ थांबण्याचं अंतर बदलून बघण्यात घालवा. दोन झटके आणि लांब थांबा, मग सलग झटके, मग वेग कमी. आणि फ्रॉगवर, म्हणजे बेडकाच्या आकाराच्या ल्यूरवर, मरळ आली की लगेच ओढू नका, क्षणभर तिला तोंड मिटू द्या. मासे सुटतात ते बहुतेक वेळा इथे, आणि दोष रंगाला दिला जातो.

दादाचा एक मुद्दा मी मानतो. ज्या ल्यूरवर विश्वास असतो तो माणूस जास्त वेळ आणि मन लावून ओढतो. पण मग तो विश्वास रंगावरच का बसावा, तोलावर का नको, हे त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं कुठे लागू नाही तेही सांगतो. पाणी नितळ, उथळ आणि स्थिर असेल, तुम्ही ल्यूर बराच वेळ थांबवत असाल आणि मासा ल्यूरच्या खाली येऊन निरखत असेल, तर तपशील कामाला येऊ शकतो. सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन पोटावर बाजूनं पडतं तेव्हा रंगही दिसतो. संथ पाण्यातला ट्राउट कोरडी माशी (पाण्यावर तरंगणारं किड्यासारखं हलकं आमिष) घेण्याआधी चिकित्सा करतो हे खरंच आहे. तिथेही आधी आकारमान, मग आकार, आणि रंग त्यानंतर. पाण्याखाली चालणाऱ्या ल्यूरचं गणित निराळं, त्याला माझं वरचं बोलणं लावू नका.

घ्यायचेच असतील तर एकाच जातीचे दोन घ्या, एक काळ्या पोटाचा आणि एक फिका. पाठीवर नारिंगी किंवा पिवळा पट्टा असलेला चांगला, पण तो तुम्हाला ल्यूर लांबून दिसावा म्हणून. उरलेले पैसे धारदार ट्रेबल हुक (तीन टोकांचा हुक) आणि तो ल्यूरला अडकवणाऱ्या मजबूत स्प्लिट रिंगवर घाला, कारण मासा तोंड उघडतो तेव्हा त्याच्या तोंडात रंग जात नाही, हुक जातो. आणि हुक बदलताना वजन जुन्याइतकंच ठेवा, तोल त्यानंही बिघडतो.

जुना ल्यूर रंगवायचाच असेल तर आधी तो हुकांसकट बादलीत तरंगवा आणि पाणी कुठवर येतंय तिथे पेन्सिलीनं खूण करून फोटो काढून ठेवा. रंग आणि एपॉक्सी पूर्ण वाळल्यावर पुन्हा तरंगवा आणि फोटोशी ताडून बघा. नाक पूर्वीपेक्षा खाली गेलं असेल तर नक्षी कितीही सुंदर झाली असली तरी थर खरवडून पातळ करा, आणि दुसऱ्याचा ल्यूर असेल तर हात लावायच्या आधी त्याला विचारा.