इंजिनिअरिंगच्या सीईटीला (प्रवेश परीक्षेला) ८८ पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १७६ मार्क का? आम्ही कमी शिकलेले आईबाप मुलीला काय मदत करू शकतो?

नाही हो, १७६ नाहीत. तुमच्या पुतण्याला निम्म्याच्या आसपास मार्क असतील तरी ८८ येऊ शकतात. तुम्ही लिहिलंय की मुलगी इथेच सोलापुरात बारावी सायन्सला आहे, सराव पेपरात शंभरच्या आतबाहेर मार्क पडतात आणि पुतण्याच्या ८८ वरून घरात तिला रोज बोलणी बसतात. अशोक चौकाजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जून-जुलैत हाच घोळ डोक्यात घेऊन आलेले पालक मी रोज बघतो.

पंढरपूरच्या दर्शनबारीत आपण किती तास उभे होतो ते एक, आणि आपल्या मागे किती माणसं आहेत ते दुसरं. पर्सेंटाइल हे दुसरं आहे. तिच्या शिफ्टमध्ये दहा हजार मुलं बसली आणि त्यातल्या नऊ हजारांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी मार्क पडले (तिला स्वतःला धरून), तर तिला ९० पर्सेंटाइल. मग मार्क ९५ असोत नाहीतर १२५. हे असं करावं लागतं कारण परीक्षा बरेच दिवस, सकाळ-दुपार अशा शिफ्टमध्ये चालते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. अवघड पेपरातले ११० हे सोप्या पेपरातल्या १२० पेक्षा भारी ठरू शकतात. म्हणून सराव पेपरातल्या मार्कांची पुतण्याच्या पर्सेंटाइलशी तुलना करणं आजपासून बंद करा. त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

पेपर कसा असतो तेही माहीत असू द्या, म्हणजे तिच्याशी नीट बोलता येईल. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, प्रत्येकी ५० प्रश्न. गणिताच्या प्रश्नाला दोन मार्क, बाकीच्यांना एक. म्हणजे निम्मे मार्क एकट्या गणिताचे. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ९० मिनिटं, गणिताला वेगळी ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. जेईईत चुकीला मार्क कापतात, म्हणून त्याची तयारी केलेली मुलं तिथल्या सवयीने इथेही प्रश्न सोडून येतात, तिला हे मुद्दाम सांगा. आणि इंजिनिअरिंगसाठी बोर्डाचे मार्क पात्रतेपुरते लागतात, ओपनला ४५ टक्के, राखीवला ४०. बोर्डात नव्वद पडले म्हणून सीईटीच्या मेरिट लिस्टमध्ये वर जाता येत नाही.

अभ्यास तुम्ही घेऊ शकत नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचं खरं काम कागदांचं आहे. ते मुलं करत नाहीत आणि क्लासवालेही करत नाहीत. जातीचा दाखला आहे म्हणून निवांत राहू नका, राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ लागतो. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, ओबीसीसारख्या गटाला लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल म्हणजे रहिवासाचा दाखला हेही बघा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात आणखी एक कटकट आहे. तेलुगू आडनावांचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि वडिलांच्या कागदावर तिसरंच. आता हातात वेळ आहे, दुरुस्त करून घ्या. निकाल लागल्यावर सगळं गाव एकाच वेळी सेतूत, म्हणजे दाखले काढायच्या केंद्रात, उभं असतं.

परीक्षेच्या दिवशी आपल्याकडे चाळिशीच्या वरचं ऊन असतं. केंद्र केगावसारख्या गावाबाहेरच्या कॉलेजात आलं तर आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून या. त्या दिवशी सुट्टी टाका, तिला सोडायला तुम्हीच जा. हॉलतिकीट आणि मूळ ओळखपत्र घेतलंय का, एवढं विचारा. पेपर सुटल्यावर “किती प्रश्न आले?” हे विचारू नका. तिलाही नक्की सांगता येत नाही, आणि घरी येईपर्यंत आत्या-मामांचे फोन सुरू झालेले असतात. ते फोन तुम्ही घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मुलगी आहे म्हणून सांगतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) किंवा ईडब्ल्यूएसमधल्या (ओपनमधले आर्थिकदृष्ट्या दुर्बल), आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह, मेस, पुस्तकं यांचा खर्च मात्र त्यात येत नाही. तेव्हा पुण्याच्या कॉलेजची फी ऐकून पसंतीक्रमातून ते नाव आधीच खोडू नका. तिच्या आवडीचं कॉलेज वर आणि घरापासून जवळचं खाली, असा क्रम लावा. फक्त पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जिथे ती नक्की जाणार आहे, कारण ते मिळालं की पुढच्या फेरीत बदलता येत नाही.