सेल काढून ठेवला तरी बायोसचा पासवर्ड जात नाही. जंपरने निघेल का?

ऑफिसातून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप, सेटअपला (म्हणजे बायोसला, मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंग्जना) पासवर्ड, आणि बोर्डावरचा सेल रात्रभर काढूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. जंपरने, म्हणजे बोर्डावरच्या पिना आणि त्यांना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, निघण्याची शक्यता चांगली आहे, फक्त जंपर योग्य हवा.

सेल काढायचा सल्ला जुन्या काळातला. १९८४ च्या आयबीएम एटी या पीसीमध्ये सेटिंग्ज घड्याळाच्या चिपमधल्या ६४ बाइट मेमरीत असत आणि ती सेलवर जगत असे. सेल काढला की सगळं साफ. पुढे बऱ्याच कंपन्यांनी पासवर्ड फ्लॅश चिपमध्ये हलवला. तिला वीज लागतच नाही, मग सेल रात्रभर काढा नाहीतर महिनाभर.

म्हणून डेलच्या अनेक डेस्कटॉपच्या बोर्डावर दोन वेगळे जंपर दिसतात: आरटीसीआरएसटी सेटिंग्जसाठी, पीएसडब्ल्यूडी पासवर्डसाठी. गंमत म्हणजे दोघांची रीत उलटी. पासवर्डच्या जंपरवर टोपी आधीपासून बसवलेली असते. मशीन बंद करून, केबल काढून ती टोपी उपसायची आणि मग मशीन चालू करायचं. टोपीशिवाय मशीन एकदा बूट होईपर्यंत जुना पासवर्ड पुसला जात नाही, आणि बरेच जण नेमके इथेच अडतात. नंतर बंद करून, केबल काढून टोपी परत बसवा, नाहीतर नवीन पासवर्ड टिकणार नाही.

सेटिंग्ज पुसायचा जंपर मात्र वीज पूर्ण तोडूनच हलवायचा. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण केबल लावलेली असेपर्यंत बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू राहतो. केबल काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. असेंबल्ड मशीनच्या बोर्डावर सीएलआरटीसी, क्लिअर सीमॉस किंवा जेबॅट१ असं छापलेलं असतं. तीन पिना असतील तर सहसा टोपी १-२ वरून २-३ वर पाच-दहा सेकंद, आणि परत जागेवर. दोनच पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना टेकवलं तरी चालतं. पण आधी तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडा. अंदाजाने भलत्याच पिना जोडण्यात शहाणपण नाही.

सेटिंग्ज पुसल्या तर घड्याळ चुकेल, रॅमचं एक्सएमपी (जास्त वेगाची सेटिंग) बंद होईल. साटा मोड (डिस्क चालवायची पद्धत) रेड (RAID) वरून एएचसीआय झाला (किंवा उलट) तर विंडोज उठणारच नाही. तो मोड पूर्वीसारखा केला की उठतं. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असू द्या.

विंडोजच्या लॉगिन पासवर्डशी या कशाचाही संबंध नाही. आणि लॅपटॉपवर हे करून बघू नका. तिथे बहुतेक मॉडेलांत असा जंपरच नसतो, खरेदीची पावती घेऊन कंपनीकडेच जावं लागतं.