आवाजांचे थर लावायला बसताना

आवाजांचे थर लावायच्या सरावासाठी 'टेन सीसी' या ब्रिटिश बँडचं 'आय ॲम नॉट इन लव्ह' (१९७५) हे गाणं निवडलंस, झकास! आधी हेडफोन लावून ऐक. मागचा तो 'आऽऽ' कीबोर्डचा नाही, माणसांचा आहे. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडमधल्या तिघांनी एकेक सूर १६ वेळा गायला, म्हणजे सुरामागे ४८ आवाज. मग टेपचे लूप (सतत फिरत राहणारे तुकडे) करून मिक्सरच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्यांवर) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवले. केवढी चिकाटी!

तू तीन सूर घे, प्रत्येकी सहा टेक (म्हणजे सहा वेळा रेकॉर्ड कर). पुष्कळ झालं.

- एकच टेक कॉपी-पेस्ट करू नकोस. नवशिके हमखास इथेच फसतात. आवाज नुसता मोठा होतो, भरत नाही. दर वेळी नव्याने गा.
- सूर सरळ लाव, मुरकी नको.
- रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) शेवटी.

लूपचं नंतर बघू. पहिले सहा टेक झाले की पाठव, ऐकतो.