जिरूचं निमित्त

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा रंग बदलतो. कुणाच्या सासूबाई महिनाभरासाठी येणार असतात, कुणाला माहेरी जायचं असतं आणि घरात कुणालाच ते रुचत नसतं. अलीकडे त्यात एक नवी भर पडली आहे : "ताई, आम्ही बाहेरगावी जातोय. कुत्र्याचं काय करायचं?" पूर्वी मला वाटायचं, यासाठी समुपदेशक कशाला हवा? आता तसं वाटत नाही. या एका प्रश्नावरून आठ-आठ दिवस अबोला धरलेली जोडपी मी पाहिली आहेत.

माधवीताई आल्या तेव्हा दसरा नुकताच झाला होता. (नावं बदलली आहेत, कुत्र्याचंही. पण त्याचं खरं नावही असंच पोह्यांच्या ताटलीतून उचललेलं होतं.) राहायला राजेंद्रनगर, यजमान शिरीषराव पिथमपूरच्या एका कारखान्यात, मुलगी पुण्याला शिकायला. घरात एक गावठी कुत्रा, जिरू. आमच्या इंदुरात पोह्यांवर जिरावन भुरभुरतात, त्या मसाल्याच्या रंगाचा म्हणून जिरू. कोरोनाच्या खंडानंतर रंगपंचमीला पुन्हा गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक निघाली, त्या दिवशी राजवाड्याजवळच्या एका बोळात हे पिल्लू रंगात न्हाऊन थरथरत बसलेलं शिरीषरावांना सापडलं. टँकरमधून उडणारे फवारे, डीजे, लाखो माणसं. ज्याच्या आयुष्याची सुरुवात अशी झाली, तो फटाक्यांना घाबरला तर नवल नाही.

"आठ दिवसांचा बेत आहे," माधवीताई म्हणाल्या. "दोन दिवस नाशिकला थोरल्या दिरांकडे, मग गणपतीपुळे. जिरूला घरीच ठेवू. कामवाली बाई सकाळ-संध्याकाळ येऊन खायला घालील, फिरवून आणील. चालेल ना? तेवढं तुम्ही ह्यांना सांगा. हे म्हणतात, जिरूला टाकून मी कुठेही येणार नाही. दोन वर्षं हेच ऐकतेय."

त्यांना माझ्याकडून होकार हवा होता, आणि मी तो देऊ शकले नाही. बंद घरात आठ रात्री एकटा? जिरूच काय, कुठल्याच कुत्र्याला असं ठेवू नये. बाई दोनदा आली तरी उरलेले बावीस तास त्याने कसे काढायचे? माधवीताईंचा चेहरा पडला. "म्हणजे ह्यांचंच बरोबर," असं काहीसं पुटपुटल्या.

मी विचारलं, "एकटा असताना तो नेमकं काय करतो?"

"शेजारी म्हणतात, रडतो."

"तुम्ही पाहिलंय?"

कसं पाहणार? ते घरात नसतानाच तर तो एकटा असतो. या प्रश्नावर घराघरांत वाद होतात ते न पाहिलेल्या गोष्टीवर. एकजण म्हणतो, तो मजेत झोपतो. दुसरा म्हणतो, त्याचे हाल होतात. दोघेही अंदाजाने बोलत असतात. म्हणून मी त्यांना एक काम दिलं. जुना मोबाईल दाराकडे तोंड करून ठेवायचा, जिरूच्या सगळ्यात आवडीचा पदार्थ खाली ठेवायचा आणि दोघांनी बाहेर पडायचं. लांब जायचं नाही, गल्लीच्या टोकाशी थांबायचं. फार ओरडू लागला तर परतायचं.

पुढच्या भेटीला दोघे आले. चित्रीकरण शिरीषरावांनी केलं होतं, आणि वहीत मिनिटांनुसार नोंदीही होत्या. पहिलं मिनिट कान टवकारून दाराशी. तिसऱ्या मिनिटाला धाप. मग दार ते खिडकी, खिडकी ते दार अशा येरझाऱ्या, तोंडातून लाळेची तार. सातव्या मिनिटाला त्याने चौकटीचा खालचा भाग खरवडायला घेतला. मग मान वर करून तो सूर, जो ऐकून शेजारची माणसं दारं उघडतात. बाविसाव्या मिनिटाला शिरीषराव परत फिरले होते. उकडलेल्या चिकनचा तुकडा तसाच पडलेला.

मला तो तुकडा सगळ्यात बोलका वाटला. कंटाळलेला कुत्रा आधी खाऊन घेतो, मग जे हाताशी लागेल ते चावतो, चप्पल असो की उशी. घाबरलेल्याचं तसं नसतं. माणूस बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात सुरुवात होते, रोख दारंखिडक्यांवर असतो आणि घास घशाखाली उतरत नाही. परीक्षेच्या सकाळी आपल्या मुलांचंही हेच होत नाही का?

माधवीताई बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण त्याला कळतं हो. आम्ही आलो की मान खाली घालून कोपऱ्यात बसतो. दार खरवडलं हे त्याला ठाऊक असतं." हा समज फार पसरलेला आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. कुत्र्याने चूक केली होती की नव्हती याचा त्या 'अपराधी' चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे, मग कुत्रा निर्दोष का असेना. म्हणजे जिरू मान खाली घालत होता तो माधवीताईंच्या आवाजामुळे. त्या रोज दारावरच्या ओरखड्यांवरून त्याला रागवत होत्या. त्याच्या बाजूने पाहिलं तर माणसं जातात तेव्हाही भीती, आणि येतात तेव्हाही.

मी माणसांची समुपदेशक, कुत्र्यांची डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांना आधी पशुवैद्याकडे पाठवलं. दुखणंखुपणं, लघवीचा संसर्ग, असं काही नाही ना हे बघायला हवं होतं. ते निघालं नाही. पशुवैद्यांनी औषधाचा विषय काढला तेव्हा मला गंमत वाटली, कारण फ्लुओक्सेटीन, क्लोमिप्रामीन ही नैराश्यावरच्या औषधांची नावं मला माझ्याकडे येणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरून पाठ आहेत. पण अशा औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि दिवाळी पंधरा दिवसांवर. सोबत सरावही हवाच. घरातल्या माणसांची झोपेची गोळी अर्धी करून द्यायची, हा सल्ला या दोघांना कुणीतरी आधीच दिला होता. सुदैवाने त्यांनी तो मानला नव्हता.

सराव काय, तर थोडं थोडं दूर जाणं. किल्ल्या उचलायच्या आणि कुठेच जायचं नाही. बूट घालून सोफ्यावर बसायचं. मग दाराबाहेर दहा सेकंद, मग तीस. जिरू शांत असेपर्यंतच ताणायचं, धाप लागली की आपण फार पुढे गेलो असं समजायचं. लिफ्टमध्ये पाऊल न टाकणाऱ्या माणसाला मी याच वाटेने नेते. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली आणि तिच्या मुळाशी त्यांनी मांजरांवर केलेले प्रयोग होते. मांजरांकडून माणसांकडे आलेली विद्या आता कुत्र्याच्या कामी येत होती.

शिरीषराव हे सगळं मन लावून लिहून घेत होते. फार मन लावून. जिरूला काही आठवडे लागतील म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर निराशा यायला हवी होती. मला ती दिसली नाही. उलट खांदे सैल पडले. माधवीताईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "झालं. आता कुत्र्याचं निमित्त डॉक्टरांनीच दिलं."

मी त्यांना विचारलं, "शिरीषराव, समजा उद्या सकाळी जिरू पूर्ण बरा झाला. निघाल नाशिकला?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "नाही."

२०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, त्यांच्या आई नाशिकला वारल्या. थोरल्या भावाने फोनवर सांगितलं होतं, इकडे येऊ नकोस, येऊन उपयोग नाही. सगळं आटोपल्यावर त्याच भावाच्या तोंडून निघालं, "शेवटी मलाच एकट्याला करावं लागलं." शिरीषराव म्हणाले, "दादाच म्हणाला येऊ नको, आणि दादाच म्हणाला तू नव्हतास." तेव्हापासून त्यांनी नाशिकला पाऊल ठेवलं नव्हतं. पुढच्या वर्षी जिरू आला. मग ते कारखान्यात पुन्हा रोज जाऊ लागले, लेक पुण्याला गेली आणि भरल्या घराची सवय लागलेला कुत्रा एकाएकी एकटा पडला. घरची घडी अशी बदलली की कुत्र्यांमध्ये हा त्रास उफाळून येतो. जिरूची भीती खरीच होती. शिरीषरावांना ती सोयीची झाली, एवढंच.

माधवीताईंना हे नवं नव्हतं. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या, "पण कुत्र्यामागे लपतील असं वाटलं नव्हतं." मी त्यांना तिथेच थांबवलं. लपणारा माणूस पकडला गेला की आधी आणखी लपतो.

त्या दिवशी आम्ही दोन कागद घेतले. एकावर लिहिलं 'नाशिक', दुसऱ्यावर 'जिरू'. नाशिकच्या कागदावर मी काहीच लिहू दिलं नाही. तो शिरीषरावांनी घरी न्यायचा, भावाला काय सांगायचं आहे ते सुचेल तसं लिहायचं, पाठवायची सक्ती नाही.

जिरूच्या कागदावर एक प्रश्न होता : त्याला माणूस हवं आहे, की हीच माणसं हवी आहेत? दोन्हींत फार फरक आहे. १९९८ मध्ये बुडापेस्टचे संशोधक योझेफ टोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची लहान मुलांसाठीची चाचणी कुत्र्यांवर करून पाहिली होती. मालक खोलीतून जातो, अनोळखी माणूस थांबतो, आणि कुत्रा कसा वागतो ते बघायचं. आम्ही राजेंद्रनगरातली आवृत्ती केली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा पेपर घेऊन जिरूजवळ बसले, हे दोघे बाहेर पडले. जिरू दहा-बारा मिनिटं दाराशी घुटमळला, मग आजोबांच्या पायाशी आडवा झाला. आणि चिकन खाल्लं! शिरीषरावांनी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती.

त्यामुळे पुष्कळ गोष्टी सुटल्या. जिरूला सोबत हवी होती, कुणाची का असेना. कुत्र्यांचं बोर्डिंग दोघे बघून आले. रांगेने पिंजरे आणि प्रत्येकातून भुंकणं, शिवाय दिवाळीचे फटाके. सोबत भुंकणाऱ्यांचीच असेल तर नको. (सगळीच बोर्डिंग अशी नसतात. काही घरगुती असतात, तिथे कुत्रे घरात माणसांत राहतात. पण तिथेही आधी एक रात्र ठेवून बघावं, आणि लसींच्या नोंदी न मागणाऱ्या जागी तर ठेवूच नये.) रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे हवा, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. जिरूला पेटीत घालायचा विचारही नको. मोटारीने साधारण चारशे किलोमीटर, बिजासनचा घाट उतरून धुळ्यावरून, ते जमण्यासारखं होतं. पण भावाच्या घरी, इतक्या वर्षांनी, कुत्रा घेऊन पहिलं पाऊल टाकायचं? शिरीषराव स्वतःच नको म्हणाले.

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीत कुणीच कुठे जाणार नाही. फटाक्यांच्या दिवसांत घाबरट कुत्र्याला परक्या हाती देणं मला पटत नव्हतं, कारण दार किलकिलं राहिलं आणि तो सुसाट पळाला तर शोधायचा कुठे? लक्ष्मीपूजनाच्या रात्री आतल्या खोलीत पडदे ओढून, पंखा आणि रेडिओ लावून शिरीषराव त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. लेकीने फोटो पाठवला मला. कोण कुणाला धीर देत होतं सांगता येत नव्हतं.

गणपतीपुळे रद्द झालं. माधवीताई त्यावर अजून नाराज आहेत आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. दोन वर्षं थांबलेल्या बाईला आणखी थांबायला सांगणं सोपं नसतं. लेकीने आईला पुढच्या वर्षी आपण दोघीच जाऊ म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे वातावरण निवळलं.

दत्तजयंतीच्या सुमाराला दोघे नाशिकला गेले, तीन रात्री. कॉलेजात शिकणारा माधवीताईंचा भाचा घरी राहायला आला. पण थेट नाही. आधी दोन रविवार जेवायला, मग एक रात्र सगळे घरात असताना, मग एक रात्र हे दोघे तिलकनगरला मावशींकडे गेले असताना. फ्रिजवर चिठ्ठी होती : कांदा नाही, द्राक्षं नाहीत, चॉकलेट नाही, बेसनाच्या लाडवावरचा बेदाणासुद्धा नाही. ही सगळी कुत्र्यांना घातक, आणि आपल्या घरांत पाहुणे प्रेमाने हेच भरवतात. दुपारी भाचा कॉलेजात असताना आजोबा खाली येऊन बसत. "दत्ताच्या पायाशी चार असतात, माझ्या पायाशी एक," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या रात्री जिरू अकरापर्यंत दाराशी होता. जेवला नाही. बारानंतर भाच्याच्या गादीवर चढला, जिथे चढायला एरवी बंदी आहे. सकाळी दूधपोळी खाल्ली.

नाशिकचं मी विचारलं नाही. शिरीषरावांनी आपणहून एवढंच सांगितलं की वहिनींनी आईची पितळी परडी त्यांच्या पिशवीत घातली आणि दादा स्टेशनवर सोडायला आला. लिहिलेला कागद खिशातच राहिला.

परवा दोघे पुन्हा आले होते. यंदा मे महिन्यात गणपतीपुळे, पुरे आठ दिवस, या वेळी शिरीषरावच जास्त उत्साहात. "तीन रात्री निभावल्या, आता आठ चालतील ना?"

मी म्हटलं, "आधी पाच करून बघा. आणि वही आणा."