किट न घेता जुन्या शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती घरी बनवायची आहे. जहाज कोणतं निवडू, लाकूड कोणतं घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

जहाज निवडताना एकच गोष्ट बघा: त्याच्या बांधणीचं मूळ ड्रॉइंग मिळतं का? मला आधी मराठा आरमारातली गुराब करायची होती. पण माझ्या हातात होती ती फक्त चित्रं. चित्रावरून जहाज बाहेरून कसं दिसायचं ते कळतं. पाण्याखालचं पोट कसं वळत जातं ते कळत नाही, आणि प्रतिकृतीचा जीव त्या वळणातच असतो.

म्हणून मी 'ट्रिंकोमाली' घेतलं. हे आपल्या मुंबईचं जहाज. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात ब्रिटिश आरमारासाठी ते बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. त्याची ड्रॉइंग्ज इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेतून निघाली होती. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जावाला हरवलं, आणि जहाजाबरोबर कागदही गेले. दुसरी प्रत मागवावी लागली. वाडियांसारख्या पिढीजात कारागिरांनाही कागदाची वाट बघावी लागली, हे मला फार मोलाचं वाटतं. हे जहाज 'लेडा' वर्गातलं, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांपैकी एक. ब्रिटिश आरमाराच्या जुन्या ड्रॉइंग्जचा मोठा संग्रह ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे आणि तिथून प्रती विकत मिळतात. त्याच वर्गातलं 'युनिकॉर्न' स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे, त्यामुळे ताडून बघायला दोन खरी जहाजं मिळतात.

प्रमाण १:९६ ठेवा, म्हणजे ८ फुटांचा १ इंच. सुमारे १५० फुटांचं जहाज ४८ सेंटिमीटरचं होतं आणि फ्लॅटमध्ये मावतं. साडेपाच फुटी खलाशी साडेसतरा मिलिमीटरचा होतो. तेवढा कागदी माणूस कापून जवळ ठेवा. कठडा, दार, जिना, काहीही केलं की त्याला शेजारी उभा करा. चूक लगेच दिसते.

लाकडाबद्दल. मूळ जहाज सागवानी असलं तरी प्रतिकृतीला सागवान नको. त्याचे रेषे या मापाला फार जाड दिसतात आणि लाकूड तेलकट असल्याने डिंक नीट धरत नाही. वखारीत हेदू मिळाला तर घ्या. पिवळसर, बारीक पोताचा असतो आणि धारेखाली स्वच्छ कापला जातो. शिवणही चालेल. एक मिलिमीटरच्या पट्ट्या हाताने कापत बसू नका, चांगल्या सुताराकडून कापून आणा. आतल्या सांगाड्याला ५-६ मिलिमीटरचा मरीन प्लाय पुरतो.

सांगाडा म्हणजे मधे उभा कणा आणि त्यात खाचा पाडून बसवलेले आडवे पाटे. या पाट्यांच्या कडा घासून वळणात आणणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच सगळे घाईत उरकतात. मीही उरकलं होतं. नाळेजवळचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळचा, एक पाटा जेमतेम मिलिमीटरभर आत राहिला. फळ्या लावल्यावर तिथे असा खळगा दिसायला लागला की दोन महिन्यांचं काम उचकटून काढलं. आता मी एक लवचीक पट्टी सगळ्या पाट्यांवर आडवी धरतो. ती प्रत्येक कडेला पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. कुठे नुसत्या टोकावर टेकली तर कानस, कुठे फट राहिली तर लाकडाचा पातळ तुकडा चिकटवून पुन्हा घासायचं. याला महिना लागला तर लागू द्या.

फळ्या लावण्यापूर्वी मोजमाप करा. माझ्या मधल्या पाट्यावर एका बाजूचा घेर १३० मिलिमीटर भरला. ४ मिलिमीटरच्या फळीने भागलं तर साधारण ३२ फळ्या. नाळेशी घेर भरला ९०, म्हणजे तिथे प्रत्येक फळी पावणेतीन मिलिमीटरवर निमुळती करायला हवी. हे न करता सरळ पट्ट्या ठोकत गेलात तर पुढे त्या एकमेकींवर चढतात. फळी गरम पाण्यात भिजवा, हाताने वाकवा, वाळू द्या आणि मगच चिकटवा. साधा फेविकॉल पुरतो. एक फळी डावीकडे लावली की लगेच एक उजवीकडे, नाहीतर सांगाडा पिळतो.

आणि हे काम पावसाळ्यात करू नका. आमच्या डोंबिवलीत जुलैत घट्ट बसलेल्या फळ्यांमध्ये जानेवारीत केसाएवढ्या फटी पडल्या. दिवाळीनंतर सुरू करा.

डोलकाठ्या आणि दोर हा वेगळाच पसारा आहे. आत्ता एवढंच सांगतो की सुती दोरा घेऊ नका. दमट हवेत तो आखडतो आणि बारीक काठ्या वाकवतो. पॉलिस्टर दोरा मेणावरून ओढून घ्या. डोलकाठ्यांना ताणून धरणारे दोर काळे, शिडं हलवणारे फिके तपकिरी. त्या काळ्या दोरांवरच्या शिडीच्या पायऱ्या सुमारे ४ मिलिमीटर अंतरावर येतात आणि प्रत्येक गाठ हातानेच मारावी लागते. मी रोज रात्री जेवणानंतर दोन ओळी बांधतो. मधल्या डोलकाठीची डावी बाजू झाली आहे, उजवी चालू आहे.