निवृत्तीनंतर ऑनलाइन शिकत राहण्यासाठी कोणती साधने वापरावीत?

निवृत्तीनंतर नवा विषय शिकायचा तर कोणती संकेतस्थळे आणि ॲप घ्यावीत, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या अभ्यासक्रमाला नाव न घालता केलेल्या शिकण्याला काही अर्थ असतो का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नामुळे मी हे उत्तर लिहीत आहे, कारण याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या थोरल्या दिरांचा वाद दर गणपतीत आमच्या ओटीवर होत आला आहे. माझे मत असे की अर्थ असतोच, आणि पुष्कळदा अशा शिकण्यातून अधिक हाती लागते. मात्र त्यासाठी अभ्यासाचे सगळे साहित्य स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे.

आमचे घर दापोली तालुक्यात किनाऱ्याला लागून आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात वाडीतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली आणि माळ्यावरच्या पेटीतले सासऱ्यांचे मोडी कागद भिजले. ते पडवीत सावलीला पसरून वाळवले आणि वीज आल्यावर एकेकाचे छायाचित्र काढून ठेवले. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, तरी त्यातली एक ओळही मला वाचता येत नव्हती, आणि ते मला फार लागले.

भावोजींचे म्हणणे असे की सर्वांत जुना कागद ही पेशव्यांनी आमच्या पूर्वजाला दिलेली सनद आहे, आणि ती वाचायची असेल तर रीतसर वर्ग करावा, संगणकापुढे एकटीने बसून असली विद्या येत नसते. त्यांच्या आग्रहाखातर मी पैसे भरून एका ऑनलाइन वर्गाला नाव घातले. शिकवणारे मनापासून शिकवत होते, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मुदत संपताच ध्वनिचित्रफिती बंद झाल्या, आणि आम्ही तेथे विचारलेल्या शंका व त्यांना मिळालेली उत्तरेही त्यांच्याबरोबर गेली. हाती राहिले प्रमाणपत्र आणि बाराखडी. भावोजींच्या लेखी माझे शिक्षण तेथे पूर्ण झाले होते.

मोडीची खरी अडचण बाराखडी पाठ झाल्यावर सुरू होते. ओळभर शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहिलेले असते, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि लिहिणाऱ्यागणिक अक्षराचे वळण बदलते. म्हणून एकच अक्षर वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जावे लागते. यासाठी मी अँकी हे साधन घेतले. माणूस पाठ केलेले कोणत्या गतीने विसरतो हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडले होते. एखादी गोष्ट विसरण्याच्या बेतात असतानाच ती पुन्हा समोर आणायची, हे अँकीचे काम. आमच्याच कागदांच्या छायाचित्रांतून अक्षरे आणि शब्द कापून मी त्यांचे पाठांतराचे पत्ते केले, एका बाजूला मोडी आणि दुसऱ्या बाजूला देवनागरी. हे पत्ते फोनमध्येच राहतात, त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडची रेंज गेली तरी अभ्यास थांबला नाही.

बाकीची साधने गरज पडेल तशी जमत गेली. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर मोफत उतरवून घेता येतात. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाण व्यवस्थेत, जागा मिळाली, त्यामुळे अक्षरमुख या संकेतस्थळावर देवनागरी मजकूर मोडीत बदलून वाचनाचा सराव करता येतो, पण ते छापील वळण बोरूच्या वळणाशी जुळत नाही, म्हणून त्यावर फार काळ रेंगाळू नये. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते, आणि कोकणातल्या शेतीवाडीचे कितीतरी शब्द मला तेथे मिळाले. प्रत्येक कागदाचे लिप्यंतर मी साध्या मजकुराच्या स्वतंत्र फाइलमध्ये लिहिते, शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह घालते आणि फाइलला छायाचित्राचेच नाव देते.

त्या जुन्या कागदावर वर्ष होते ‘खमस तिसैन मया व अलफ’. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना, ज्यात आकडा अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहितात: पाच, नव्वद, शंभर आणि हजार, म्हणजे ११९५. त्यात ५९९ मिळवले की १७९४ येते, आणि हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळे कागद जून १७९४ ते जून १७९५ या काळातला ठरतो. पेशवाईतला कागद, इतके भावोजींचे बरोबर होते. पुढचा मजकूर मात्र सनदेचा नव्हता. तो कर्जरोखा होता. आमच्या पूर्वजाने माडांचे उत्पन्न तारण ठेवून रक्कम घेतली होती आणि व्याज दरमहा शेकड्याने ठरले होते. मोडीच्या एका जाणकारांना मी छायाचित्र आणि लिप्यंतर दोन्ही पाठवले. त्यांनी काही शब्द दुरुस्त केले, पण रोखा हा रोखाच राहिला.

भावोजींनी ते वाचन मान्य केले आणि वर म्हणाले, “वर्गाचा पाया होता म्हणून जमलं तुला.” हे मला मुळीच मान्य नाही. वर्गाने अक्षरे ओळखायला शिकवली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण कागद वाचता आला तो मुदत संपल्यानंतर चालू राहिलेल्या अभ्यासामुळे, आणि तो चालू राहिला कारण पत्ते, फाइली आणि छायाचित्रे माझ्याजवळ होती. खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मूळ विचारही असाच होता. २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातून एक खुला अभ्यासक्रम चालवला. शुल्क भरणारे विद्यार्थी पंचवीसच्या आसपास होते आणि बाहेरून विनाशुल्क सामील झालेले दोन हजारांहून अधिक. बाहेरचे हे लोक आपापल्या ब्लॉगवर लिहीत, आणि त्या लेखनाचे दुवे एका दैनिक वार्तापत्रात गोळा केले जात. अभ्यासक्रम संपला तरी ज्याचे लेखन त्याच्याकडेच राहिले.

तेव्हा कोणतेही साधन घेण्याआधी एवढेच पाहा की आपण त्यात घातलेले सगळे एके दिवशी बाहेर काढून घेता येईल का. आवडीच्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन एका जागी वाचून देणारे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले, तेव्हा ज्यांनी आपली संकेतस्थळांची यादी उतरवून घेतली होती त्यांनी ती तशाच दुसऱ्या साधनात घातली आणि त्यांचे वाचन चालू राहिले. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेली माहिती मी अभ्यास मानत नाही, कारण महिन्याभराने ती शोधूनही सापडत नाही. रेंजचा भरवसा नसलेल्या गावात राहत असाल तर किविक्स या रेंजशिवाय वाचता येणाऱ्या ॲपवर मराठी विकिपीडिया फोनमध्ये उतरवून ठेवा. केंद्र सरकारच्या स्वयम् आणि आयआयटींच्या एनपीटीईएल या संकेतस्थळांवरची व्याख्याने जरूर ऐका. ती विनामूल्य आहेत, शुल्क परीक्षेचे असते. ऐकताना टिपणे मात्र स्वतःच्या फाइलमध्ये घ्या.

नोकरीसाठी किंवा बढतीसाठी शिकत असाल तर प्रमाणपत्र लागणारच, तेथे माझे मत लागू होत नाही. आपले वाचन तपासणारा एखादा जाणकारही हवाच, नाहीतर चुकीचे वाचनही तितकेच पक्के होते, कारण अँकीला चूक कळत नाही. आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखे कागद आहेत त्यांच्यासाठी: जमिनीच्या दाव्यात स्वतःचे लिप्यंतर पुढे करू नका, तेथे मान्यताप्राप्त लिप्यंतरकाराकडूनच काम करून घ्यावे.